ब्रेकच्या दिवशी कुणी कुणाचं नसतं

१० फेब्रुवारी

उद्या ब्रेक. म्हणजे उद्या मी या हॉस्पिटलचा कुणीच नाही! परवा सकाळी पुन्हा नवीन ऑर्डर, पुन्हा अकरा महिने. मधला हा एक दिवस मुद्दाम सोडलेला — सलग नोकरी झाली तर आम्ही ‘कायम करा’ म्हणून कोर्टात उभे राहू ना. वॉर्डातले कमळाकरमामा त्याला एकादशी म्हणतात. अकरा महिन्यांनी येते आणि उपाशी ठेवते.

आधी प्रत्येकाची तारीख वेगळी असायची. यंदा ऑफिसनं सगळ्या कंत्राटी लोकांच्या ऑर्डरी एकाच तारखेला आणल्या. उद्या अर्धं हॉस्पिटल कागदावर गायब. आणि तरी सगळे येणार! मशीनवर अंगठा लावायचा नाही, मस्टरवर सही नाही, मुकाट्यानं यायचं आणि रोजचं काम करायचं. नाही आलं तर परवाची ऑर्डर ‘अजून टाईप व्हायची आहे’.

वैजूताई तर म्हणतात, एरवी दांडी मारा पण ब्रेकला या. वैजूताई म्हणजे वैजयंती सिस्टर, आमच्या युनियनच्या सेक्रेटरी. चार वर्षं कोर्टात केस चालू आहे. त्यांचं म्हणणं, ब्रेकच्या दिवशीही आपण काम करतो, म्हणजे हा ब्रेक खोटा आहे, हीच आपली केस. ‘तेजस, तू आता वॉर्ड प्रतिनिधी. तू नाही आलास तर बाकीच्यांना काय सांगू?’

पटतं. पण उद्या मी जाणार नाही. श्रुती ब्लड बँकेत टेक्निशियन, मी स्ट्रेचर ढकलणारा, ड्युट्या कायम उलट्या. एक पूर्ण दिवस आम्हाला कधी मिळाला नाही. आणि दिवस जर कुणाचाच नसेल तर तो आमचा का नको?

११ फेब्रुवारी

नाचावंसं वाटतंय. आनंदानं!

सकाळी तिला न्यायला गेलो तर ही ॲप्रन घालून ब्लड बँकेच्या दारात. काल ठरलं होतं ना आपलं! समोर सुचिता मॅडम — तिथल्या डॉक्टर, हिच्या इन्चार्ज — काहीतरी सांगतायत, ही मान हलवतेय. मागं ऑफिसचे अधीक्षक, हात पाठीशी बांधून, कोण आलं कोण नाही बघत फिरणारे. अडवली हिला! माझं डोकंच फिरलं. ‘तेजस, एक मिनिट’ असं काहीतरी ती म्हणाली. मी कुठला थांबतोय. सरळ अधीक्षकांपुढं.

‘साहेब, आज ब्रेक आहे. आज ती तुमची कुणी नाही. मीपण नाही. नियम तुम्हीच केलाय, आता पाळा.’

लिफ्टवाल्या हरेशनं मोबाईल वर धरलेला. मला वाटलं साहेब भडकतील. ते नुसते हसले. ‘अगदी बरोबर बोललास,’ म्हणाले आणि गेले.

बाईकवर श्रुती आमच्या करावे गावापर्यंत एक शब्द बोलली नाही. घाबरली असेल. जेट्टीवर गंगारामकाकाची होडी सांगून ठेवली होती. काका तिला ‘बस गो बाय, भिऊ नको, पानी उतरतंय’ म्हणाला तेव्हा कुठं जरा हसली. ओहोटी लागलेली. चिखल उघडा पडला की फ्लेमिंगो उतरतात, ते काकानं इंजिन बंद करून वल्ह्यावर जवळ नेऊन दाखवले. उलव्याला तिच्या खिडकीतून विमानतळाचे दिवे दिसतात नुसते. पक्षी एवढ्या जवळून तिनं कधी बघितलेच नव्हते. बोलतच सुटली मग. तिचे बाबा श्यामसुंदर, रिटायर झाल्यापासून सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये भांडतात. तिची आई गेली ते वर्ष. ब्लड बँकेत नातेवाईक कसे रडतात, कसे खोटं बोलतात.

मी म्हणून टाकलं, आपण लग्न करू.

‘आधी मला कायम होऊ दे. मग मी बाबांना सांगते. तोपर्यंत माझ्या बोलण्याला घरात वजन नाही.’

आणि नाही झालीस कायम तर? ती पाण्याकडे बघत राहिली. पण हात काढून घेतला नाही!

म्हणजे आता माझं लग्न केसवर आहे. जिंकायलाच पाहिजे.

१२ फेब्रुवारी

ऑर्डर मिळाली. कुणाची अडकली नाही. आणि मी हिरो! हरेशनं व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर टाकला. मेल सर्जिकल वॉर्डच्या मावश्यांनी चहा पाजला, फार्मसीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ‘नियम तुम्हीच केलाय, आता पाळा’ — पोरं माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात.

वैजूताईंनी मात्र दोनदा बघितला आणि मोबाईल परत दिला. ‘भाषण चांगलं होतं. आता थोडे दिवस तोंडाला टाका घाल.’

जळतात, दुसरं काय.

१३ फेब्रुवारी

गंगारामकाकानं गावभर केलं. आय चूल — म्हणजे गॅस — सोडून माझ्यापुढं येऊन बसली. ‘कोनाची पोर हाय ती? नाव तरी सांगशील का नाय?’ सांगितलं. ती हॉस्पिटलात रक्त तपासते हे ऐकून गोजराआत्या म्हणाली, बरा हाय, आपल्या घरात कोनाला तरी शिकलेला पायजेलच व्हता. टोमणा मला. कॉलेज सोडलं ते आत्या मरेपर्यंत विसरायची नाही.

आयचं दुसरंच. ‘तुला नोकरीची काय गरज हाय रं? चाळीच्या भाड्याच्या खोल्या हायेत. ती ढकलगाडी सोड नि घरी बस.’

ढकलगाडी! स्ट्रेचरला.

२४ फेब्रुवारी

श्रुती हल्ली जेवायच्या सुट्टीत खाली येत नाही. काम वाढलंय म्हणते.

६ मार्च

नीट लिहायला जमत नाही. तरी लिहितो.

आज युनियनच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. खोली म्हणजे जिन्याखालची जागा, मोडक्या सलाईन स्टँडच्या शेजारी. प्रशासनानं कोर्टात नवं म्हणणं दिलंय. वैजूताईंनी ते वाचून दाखवलं. ब्रेक खोटा नाही, खरा आहे. पुरावा काय? युनियनच्या वॉर्ड प्रतिनिधीनंच सगळ्यांसमोर सांगितलंय की त्या दिवशी आम्ही तुमचे कुणी नाही. आणि तो प्रतिनिधी स्वतः आणि एक लॅब टेक्निशियन तेव्हा काम सोडून निघूनही गेले. सोबत हरेशचा व्हिडिओ.

परवापर्यंत माझी नक्कल करणारी पोरं जमिनीकडे बघत होती. फक्त कमळाकरमामा म्हणाले, ‘चार वर्षं आम्ही खोटा खोटा म्हणून बोंबलतोय, आणि तू एका मिनिटात खरा करून दाखवलास.’ मामा सव्वीस वर्षं वॉर्डात आहेत, अजून कंत्राटी. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, मी राजीनामा देतो. वैजूताई म्हणाल्या, बस खाली, तुझा राजीनामा कोर्टात चालत नाही.

श्रुती मागच्या भिंतीशी उभी होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिची पाच वर्षं होऊन गेली, पुढं सहा, मग सात... आणि त्या सगळ्यांत आता एक खरा ब्रेक आहे. मी दिलेला!

७ मार्च

तिला पार्किंगमध्ये गाठलं. सॉरी म्हटलं. पन्नासदा म्हटलं. शेवटी तापलो — हो, मीच तापलो! — म्हणालो, तुला अडवत होते म्हणून बोललो ना, तुझ्यासाठीच ना.

‘तुझ्या घरी चाळ आहे तेजस. माझ्याकडे ही एक ऑर्डर आहे.’

आणि स्कूटी काढून गेली.

८ मार्च

चाळ आहे हा काय माझा गुन्हा आहे का?

९ मार्च

आहे. थोडासा आहे. मला काढलं तर आय खूश होईल. तिला काढलं तर उलव्याच्या फ्लॅटचा हप्ता कोण भरणार? बाबांच्या पेन्शनीत घर चालत नाही हे तिनंच होडीत सांगितलं होतं. मी तेव्हा तिच्या केसांत अडकलेलं काहीतरी बघत होतो.

१९ मार्च

उद्या ठाण्याला सुनावणी. श्रुतीची साक्ष आहे, कारण व्हिडिओत ती आहे. वैजूताईंनी मला यायला सांगितलं, पण एका अटीवर, तोंड उघडायचं नाही. कबूल.

मी ठरवलंय. वेळ आली तर उभं राहून सांगायचं, मी तिच्यावर प्रेम करतो, म्हणून मी त्या दिवशी काहीही बरळलो, कोर्टानं ते धरू नये. लाज गेली तर जाऊ दे.

२० मार्च

वेळच आली नाही.

कोर्ट म्हणजे मला वाटलं होतं मोठं काहीतरी असेल. आमच्या ओपीडीसारखीच गर्दी, पंखेही तसेच करकरणारे. अधीक्षक पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट. सुचिता मॅडमना प्रशासनानंच आणलेलं. मोबाईलवर व्हिडिओ लावला. माझा आवाज त्या खोलीत इतका बालिश वाटला की मी कानात बोटं घालणारच होतो.

मग त्यांचा वकील श्रुतीकडे वळला. अकरा तारखेला कामावरून निघून गेलात? हो. नंतर आला नाहीत? नाही. कारण त्या दिवशी तुमचा ब्रेक होता, तुमच्यावर कुणाचं बंधन नव्हतं, बरोबर?

‘नाही,’ श्रुती म्हणाली. ‘मी रजा घेतली होती.’

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. ‘ब्रेकच्या दिवसाची रजा?’

‘हो साहेब. आदल्या दिवशी सुचिता मॅडमकडे मागितली. ब्रेकला यावंच लागतं. यायचं नसेल तर रजा मागावी लागते. मॅडम म्हणाल्या सकाळचे सॅम्पल संपवून जा. ते संपवलेच होते, एवढ्यात...’ एवढ्यात मी! पण तेवढं ती बोलली नाही. ‘...एवढ्यात आवाज झाला.’

सुचिता मॅडमना विचारलं. त्या कायम नोकरीतल्या, मोठ्या डॉक्टर, साहेबांनी गाडीतून आणलेल्या. अधीक्षक मान वळवून त्यांच्याकडे बघत होते. मॅडमनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘मागितली होती. मी दिली. दर वर्षी देते. त्या दिवशी ब्लड बँक चालवणार कोण हे बघून देते.’

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता अधीक्षकांना विचारलं, जी बाई त्या दिवशी तुमच्या नोकरीत नव्हती, तिला तुमची डॉक्टर रजा कशी देते?

अधीक्षकांनी वकिलाकडे बघितलं. वकिलानं कागद चाळले. मागं कमळाकरमामा खोकले. हसू लपवायला खोकले, मला कळलं.

बाहेर सगळे श्रुतीभोवती. मावश्या तिचे गाल कुरवाळतायत. मी लांब उभा. म्हणजे त्या सकाळी ती मोकळीच होती! ॲप्रन काढणार होती आणि माझ्याबरोबर निघणार होती. मी ज्याच्यासाठी ओरडलो ते तिनं आदल्या दिवशीच, आवाज न करता, मिळवलेलं होतं.

जिन्यात एकटी सापडली. मी विचारलं, तू मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस? होडीत? परत येताना? एवढे दिवस?

‘तू किती खूश होतास. आणि नंतर सगळे टाळ्या वाजवत होते.’ मग जिना उतरता उतरता, ‘मला एकदा विचारायचंस रे फक्त.’

रे म्हणाली. त्या ‘रे’वर आजचा दिवस काढतोय.

२१ मार्च

तिला मेसेज केला : इथून पुढे आधी विचारीन. शपथ.

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

९ एप्रिल

तडजोडीची बोलणी चालू. सुनावणीनंतर प्रशासन नरमलंय. वैजूताई रोज एकेकाला खोलीत बोलावून काय काय विचारतात. मला बोलावलं नाही. माझी तीनच वर्षं, मी यात बसत नाही बहुतेक.

नाही बसलो तरी चालेल. ती बसू दे.

१७ एप्रिल

झालं! पाच वर्षांवरचे सगळे कायम! कमळाकरमामा जिन्याखाली बसून रडले, मग म्हणाले डोळ्यांत फिनेल गेलं. मामांना दोन वर्षांत रिटायर व्हायचंय. पण कायम म्हणून रिटायर होतील.

श्रुती कायम.

श्रुती कायम!

मी राहिलो. माझ्यासारख्यांचं पुढच्या टप्प्यात बघू म्हणे. पण एकादशी बंद, सगळ्यांचीच, हे लिहून घेतलंय वैजूताईंनी. पेढे वाटले. श्रुतीला पेढा दिला तेव्हा तिनं अर्धा तोडून मला दिला. सगळ्यांसमोर. आता बाबांना सांगशील ना, मी हळूच विचारलं. ‘थोडं थांब,’ म्हणाली.

थांबतो. आता थांबायला काय जातंय!

१९ एप्रिल

आयला सांगितलं, तयारीत रहा. ती लगेच गोजराआत्याला घेऊन माळ्यावरची मोठी भांडी काढायला लागली. कुणी सांगितलं होतं?

३० एप्रिल

अजून ‘थोडं थांब’. बाबांची तब्येत बरी नाही म्हणे. भेटायला येऊ का विचारलं — विचारलं! — तर नको म्हणाली.

५ मे

हरामखोर. हरामखोर. हरामखोर.

कायमच्या ऑर्डरी आल्या. श्रुतीची नेमणूक रत्नागिरी! इथं ब्लड बँकेत माणूस कमी, आणि हिला रत्नागिरी! बाकी जवळजवळ सगळे आहेत तिथंच. कमळाकरमामा म्हणाले, कायम माणसाची बदली होते रे बाबा, कंत्राटी माणसाला नुसतं हाकलतात, त्याला बदली करण्याएवढीसुद्धा किंमत नसते. पण हे काय ते नाही. हे कोर्टातलं उट्टं आहे. साहेबांना तिनं तोंडावर पाडलं, त्याची शिक्षा!

फोन उचलत नाही. रजेवर आहे. बाबांना घेऊन सामान बांधतेय, असं ब्लड बँकेतल्या पोरी म्हणाल्या. घाबरवलं असणार तिला.

६ मे

गप्प बसणार नाही. मेल सर्जिकल, ओपीडी, फार्मसी, सगळीकडे फिरलो. सगळे तयार. का नसतील? तिच्या साक्षीवर ही पेढ्यांची पेटी आली. हरेश म्हणाला, व्हिडिओ पुन्हा मी काढतो, या वेळी साहेबांचा चेहरा नीट घेतो. सोमवारी गेटवर धरणं. बदली रद्द होईपर्यंत.

वैजूताई मुलीकडे नाशिकला, बाळंतपणाला. त्यांना कळवायला पाहिजे. पण कळवलं की म्हणतील थांब. आल्यावर सांगू.

८ मे

तुर्भ्याला जाऊन बॅनर छापून आणला. तिचा फोटो नाही टाकला, तिला आवडणार नाही. नुसतं लाल अक्षरांत — श्रुतीताईंची सुडाची बदली रद्द करा! मितेशला मंडपाचं सांगितलं. माझ्याच आळीतला, नेहमीचं काम. उन्हाचं आहे, चांगलं मोठं टाक म्हटलं.

तिला मेसेज केला : काळजी करू नकोस, मी आहे.

एकच खूण.

१० मे

उलव्याला गेलो होतो. खाली वॉचमननं अडवलं. वर फोन लावला, मॅडम घरी नाहीत म्हणाला. वर गॅलरीत तिचा पिवळा ड्रेस वाळत होता.

११ मे

उद्या. घसा आत्ताच बसलाय, पण बोलेन. या वेळी व्हिडिओत बालिश वाटायचं नाही. सगळं पाठ केलंय.

१२ मे

सकाळी वैजूताई थेट नाशिकहून गेटवर आल्या, पिशवीसकट. बॅनर वाचला. सोडवला, गुंडाळला, माझ्या हातात दिला. सगळ्यांना आत कामाला पाठवलं. मला म्हणाल्या, एप्रिलमध्ये मी प्रत्येकाला विचारलं होतं, कायम झालात तर नेमणूक कुठं हवी.

श्रुती म्हणाली होती, ‘इथं सोडून कुठंही.’